अंगठा की ठेंगा?

गेल्या पावसाळ्यात आमच्या मंडळातील एका जुन्या सभासदाचे देहावसान झाले. आम्ही नोकरीनिमित्त ज्या शहरी राहतो तेथे मराठी कुटुंबे मोजकीच. आणि अशी वार्ता घरोघर पोहोचविण्याचे काम आता मंडळाचा गडी करीत नाही, ते भ्रमणध्वनीवरील व्हॉट्सॲपचा गट करतो. वार्ता येताच एकामागून एक जोडलेले हात उमटू लागले. त्यांतच तात्यांनी (मंडळात सारेच त्यांना तात्या म्हणतात) तीन पिवळे चेहरे पाठविले. डोळे मिटलेले आणि दोन्ही डोळ्यांतून टपोरे अश्रू ओघळत असलेले. तात्यांनी पाहिले ते अश्रू. इतरांनी पाहिले ते उघडे तोंड आणि दात. हे चिन्ह रडण्याचे नसून हसता हसता डोळ्यांस पाणी येण्याचे आहे, हे सत्तरी ओलांडलेल्या तात्यांस ठाऊक नव्हते. दिवंगत गृहस्थांशी त्यांचा तीस वर्षांचा स्नेह होता. पण त्या रात्री एका सभासदाने गटावरच त्यांना चार कडक शब्द ऐकविले, आणि त्यानंतर कोजागिरीच्या बैठकीस तात्या आले नाहीत.

या प्रसंगाने आम्हांस त्या पिवळ्या चेहऱ्यांच्या कुळाचा शोध घेण्यास भाग पाडले. लेखी शब्दाबद्दल होणारा गैरसमज दूर करावा म्हणून जे चिन्ह जन्मास आले, त्यानेच एका सज्जन माणसाविषयी गैरसमज उत्पन्न करावा, ही गोष्ट आम्हांस सहजासहजी सोडवेना.

आरंभी नावाविषयी. 'इमोजी' हा शब्द इंग्रजीतील भावनावाचक 'इमोशन'पासून निघाला असावा अशी पुष्कळांची समजूत आहे. ती चुकीची होय. शब्द अस्सल जपानी आहे. 'ए' म्हणजे चित्र आणि 'मोजी' म्हणजे अक्षर. इंग्रजी शब्दाशी त्याचे साम्य निव्वळ योगायोगाचे. मराठीत आपण त्यास 'चित्राक्षर' म्हणावे; ते जपानी शब्दाचे बिनचूक भाषांतर होईल, आणि भावनेचा जो आरोप त्या शब्दावर विनाकारण झाला आहे तोही टळेल.

शब्द जपानी असला तरी त्यामागची गरज मात्र साऱ्या जगाची, आणि फार जुनी. बोलणाऱ्याचा स्वर, भुवई, हाताची हालचाल यांपैकी काहीच कागदावर उतरत नाही. आपल्या मोडी पत्रांत तर एका ओढीने रेघ मारून तिच्याखाली अक्षरे टांगावयाची. दोन शब्दांत अंतर नाही, प्रश्नचिन्ह नाही, स्वल्पविराम नाही. वाचणारा अनुभवी असला म्हणजे अर्थ लागे. एकोणिसाव्या शतकाच्या मध्यास मेजर थॉमस कँडी यांनी विरामचिन्हांची पद्धत मराठीत रूढ करण्यासाठी खटपट केली, आणि तेव्हापासून आपला उद्गार कागदावर दिसू लागला. उद्गारचिन्ह हे, आमच्या मते, आजच्या चित्राक्षराचे सख्खे आजोबा होत. त्यांनाही प्रथम परकेच मानले गेले असेल.

परंतु उद्गारचिन्हाने थट्टा कळत नाही. न्यूयॉर्कच्या 'पक' या विनोदी साप्ताहिकाने ३० मार्च १८८१ च्या अंकात छापखान्याच्या खिळ्यांतील कंस, टिंबे आणि रेघा जुळवून चार चेहरे छापले: आनंद, विषाद, उदासीनता आणि आश्चर्य. हेतू केवळ गमतीचा होता. अमेरिकेतील तिखट लेखणीचे लेखक ॲम्ब्रोझ बिअर्स यांनी विनोदी वाक्याच्या शेवटी आडवा कंस घालावा, तो हसणाऱ्या ओठांसारखा दिसेल, अशी सूचना केली होती. तीही अर्थात उपरोधानेच. पुढे १९६९ साली कादंबरीकार व्लादिमिर नाबोकोव्ह यांना 'न्यूयॉर्क टाइम्स'च्या प्रतिनिधीने, हयात लेखकांत आपण स्वतःचा क्रमांक कितवा लावता, असा प्रश्न केला, तेव्हा त्यांनीही स्मितासाठी एखादे छापील चिन्ह असावयास हवे होते, म्हणजे या प्रश्नाचे उत्तर तेवढ्याने देता आले असते, असे म्हटले. मध्यंतरी १९६३ मध्ये हार्वी बॉल या चित्रकाराने वूस्टर येथील एका विमा कंपनीसाठी ४५ डॉलर घेऊन पिवळ्या वर्तुळातील हसरा चेहरा काढून दिला होता. कर्मचाऱ्यांनी हसतमुख राहावे म्हणून व्यवस्थापनाने तो काढविला. कचेरीतील हसतमुखपणा आदेशाने निर्माण करता येतो काय, हा प्रश्न आमच्या वाचकांस नवा नाही. असो.

खरी सुरुवात झाली ती १९८२ च्या सप्टेंबरात, पिट्सबर्ग येथील कार्नेगी मेलन विद्यापीठात. तेथील संगणकशास्त्राची मंडळी एका सामाईक फलकावर संगणकाद्वारे सूचना आणि चर्चा लिहीत असत. कोणीतरी पदार्थविज्ञानाचे एक कोडे घातले. उद्वाहक वरून सुटला आणि त्यात पाऱ्याचा थेंब असला तर त्याचे काय होईल, अशा जातीचे. त्यावर दुसऱ्याने गमतीने लिहिले की प्रयोगामुळे इमारतीतील एक उद्वाहक पाऱ्याने दूषित झाला आहे. ज्यांनी मागचा धागा वाचला नव्हता त्यांनी ती खरीच धोक्याची सूचना मानली. मग थट्टा ओळखण्यासाठी काही खूण ठरवावी अशी चर्चा निघाली, आणि १९ सप्टेंबर रोजी सकाळी ११ वाजून ४४ मिनिटांनी स्कॉट फाहलमन यांनी आपली सूचना मांडली. अपूर्णविराम, संयोगरेषा आणि कंस अशी तीन चिन्हे ओळीने लिहावी आणि मान कलती करून वाचावी: :-) म्हणजे थट्टा. त्यांनी पुढे असेही सुचविले की हल्ली इतकी थट्टा चालते की जे थट्टेने लिहिलेले नाही त्यावरच खूण करणे सोयीचे पडेल. त्यासाठी कंस उलटा करावा.

हे शेवटचे वाक्य लक्षात ठेवण्याजोगे आहे. उलट्या कंसाचा मूळ अर्थ 'दुःख' नव्हता; 'हे गंभीरपणे घ्या' एवढाच होता. तो चेहरा उतरलेला दिसतो, म्हणून लोकांनी त्यास दुःखाचे चिन्ह ठरविले, आणि निर्मात्याचा अर्थ बाजूस पडला. चिन्ह एकदा चारचौघांच्या हाती गेले म्हणजे त्यावर मूळ मालकाचा हक्क राहत नाही, याचा हा पहिलाच दाखला. फाहलमन यांचा तो मूळ मजकूर कोणी जपून ठेवला नव्हता. वीस वर्षांनी, २००२ मध्ये, विद्यापीठाच्या जुन्या चुंबकीय फितींतून तो शोधून काढावा लागला. दप्तरखान्यात काम केलेल्या माणसास या शोधाचा आनंद कळेल.

आता जपानकडे वळू. कारण विरामचिन्हे जुळवून केलेला चेहरा आणि स्वतंत्र चित्राक्षर या दोन गोष्टी वेगळ्या आहेत. जपानी पत्रलेखनात ऋतूचा उल्लेख, कुशलप्रश्न, विनयाची वाक्ये यांचा मोठा शिष्टाचार असतो. भ्रमणध्वनीवरील संदेशात त्यास जागा नव्हती, आणि तो गाळला म्हणजे साधा निरोपही कोरडा, क्वचित उद्धट वाटे. १९९७ च्या नोव्हेंबरात जे-फोन या कंपनीने ९० चित्राक्षरे असलेला एक दूरध्वनी विक्रीस आणला. तो महाग होता आणि फारसा खपला नाही. १९९९ च्या फेब्रुवारीत एनटीटी डोकोमो या मोठ्या कंपनीने आय-मोड ही सेवा सुरू केली. तिच्यासाठी शिगेताका कुरिता या तरुण कर्मचाऱ्याने १७६ चित्राक्षरे सिद्ध केली. प्रत्येकास जागा बारा बिंदू रुंद आणि बारा बिंदू उंच, म्हणजे अवघे १४४ बिंदू. त्यांतून छत्री, सूर्य, हृदय, आगगाडी, घड्याळ उभे करावयाचे. कुरिता हे व्यवसायाने चित्रकार नव्हते. त्यांनी हवामानाच्या अंदाजातील खुणा, रस्त्यावरील पाट्या आणि जपानी व्यंगचित्रमालांतील रूढ संकेत (घामाचा थेंब म्हणजे संकोच, पेटलेला दिवा म्हणजे सुचलेली कल्पना) यांचा आधार घेतला. न्यूयॉर्कच्या आधुनिक कलासंग्रहालयाने २०१६ मध्ये ही १७६ चित्रे आपल्या संग्रहात दाखल करून घेतली.

पण प्रत्येक जपानी कंपनीची चित्रे निराळी आणि त्यांचे सांकेतिक क्रमांकही निराळे. एका कंपनीच्या ग्राहकाने हृदय पाठवावे आणि दुसऱ्या कंपनीच्या ग्राहकास तेथे रिकामी जागा अथवा भलतीच खूण दिसावी, असा प्रकार नित्य घडे. हा घोळ निस्तरला तो युनिकोडने. जगातील सर्व लिप्यांच्या प्रत्येक अक्षरास एकेक कायम क्रमांक द्यावा, या कामासाठी १९९१ मध्ये ही संस्था स्थापन झाली. आपली देवनागरी आज कोणत्याही यंत्रावर सारखी वाचता येते ती तिच्यामुळेच. गूगल आणि ॲपल या कंपन्यांतील तज्ज्ञांनी जपानी चित्राक्षरांसही असेच क्रमांक द्यावेत अशी मागणी केली, आणि २०१० च्या ऑक्टोबरात निघालेल्या युनिकोडच्या सहाव्या आवृत्तीत सातशेहून अधिक चित्राक्षरे दाखल झाली. आज ही संख्या साडेतीन हजारांच्या पुढे गेली आहे.

याच सहाव्या आवृत्तीत आपल्या रुपयाचे चिन्हही आले, हे फार थोड्यांस ठाऊक असते. मुंबईच्या आयआयटीत संशोधन करणारे उदय कुमार यांनी रचलेले ते चिन्ह केंद्रीय मंत्रिमंडळाने १५ जुलै २०१० रोजी स्वीकारले आणि तीन महिन्यांत त्यास जागतिक क्रमांक मिळाला. सरकारी कागद इतक्या वेगाने हललेला पाहून आम्हांस अद्याप नवल वाटते. चित्राक्षरांतील नोटांच्या पुडक्यांत मात्र येन, डॉलर, युरो आणि पौंड तेवढे आहेत. रुपयाचे पुडके नाही. साडी, पणती, देऊळ आणि ऑटोरिक्षा २०१९ साली आली.

क्रमांकाची ही व्यवस्था आमच्या वाचकांस समजण्यास कठीण पडू नये. २०१३ च्या जुलैपर्यंत आपल्या देशात तार होती. दिवाळीच्या, लग्नाच्या, यशाच्या अभिनंदनाच्या ठरीव वाक्यांस क्रमांक दिलेले असत. पाठविणारा खिडकीशी क्रमांक सांगे, तारेवरून तेवढाच जाई, आणि पलीकडील कचेरीतला कारकून त्या क्रमांकाचे वाक्य लिहून देई. चित्राक्षराचे नेमके असेच आहे. आपल्या यंत्रातून चित्र जातच नाही, जातो तो क्रमांक. चित्र काढते पलीकडचे यंत्र, आपल्या मालकाच्या पद्धतीने. फरक इतकाच की तारेच्या कारकुनापाशी वाक्य एकच होते. येथे प्रत्येक कंपनीचा चित्रकार निराळा.

याचे परिणाम कधी हास्यास्पद होतात, कधी नाही. पिस्तुलाचा क्रमांक २०१० पासून एकच आहे. ॲपलने २०१६ मध्ये त्याचे चित्र बदलून हिरवी पाण्याची पिचकारी केली. इतर मोठ्या कंपन्यांची पिस्तुले त्यानंतर दोन वर्षे पिस्तुलेच होती. त्या काळात एकाने रंगपंचमीची थट्टा म्हणून पाठविलेली पिचकारी दुसऱ्याच्या हाती बंदूक होऊन पडू शकत होती. मिनेसोटा विद्यापीठातील संशोधकांनी २०१६ साली दाखवून दिले की निरनिराळ्या कंपन्यांचा एकच चेहरा तर लोक निरनिराळा वाचतातच, पण अगदी तेच चित्र समोर असतानाही ते सुखाचे की दुःखाचे याविषयी त्यांचे पुष्कळदा एकमत होत नाही. त्याच्या आदल्याच वर्षी ऑक्सफर्डच्या कोशकारांनी तात्यांचा तो आनंदाश्रूंचा चेहरा 'वर्षाचा शब्द' म्हणून गौरविला होता.

जोडलेल्या हातांचेही तसेच. जपानात ते विनंतीचे आणि आभाराचे हात होत. पाश्चात्त्य देशांत पुष्कळांस ते प्रार्थनेचे वाटतात. दोन मित्रांनी परस्परांस दिलेली टाळी आहे असे मानणारेही आढळतात. आपल्याकडे तो नमस्कार. श्रद्धांजलीस, सत्यनारायणाच्या आमंत्रणास आणि वरिष्ठांच्या सूचनेस आपण एकच हात जोडतो, आणि आजवर त्यात कोणाचे बिघडले नाही.

अंगठ्याने मात्र बिघडले आहे. आणि अधिकारपदावरील माणसास या इतिहासाचा जो भाग खरोखर लागू पडतो तो हाच.

चित्र काढून संमती देणे ही आपल्या प्रांतात नवी गोष्ट नव्हे. मराठेशाहीतील महजरांवर आणि वतनपत्रांवर ज्यांस लिहिता येत नसे ते 'निशाणी' करीत. पाटलाची निशाणी नांगर. बलुतेदारांची आपापल्या धंद्यातील अवजाराची. तो नांगर कागदावर उमटला म्हणजे पाटलाने साक्ष दिली, आणि ती पिढ्यान्पिढ्या चाले. पुढे १८५८ मध्ये बंगालमधील जंगीपूर येथे विल्यम हर्शेल या इंग्रज अधिकाऱ्याने राज्यधर कोनाई नावाच्या ठेकेदाराकडून खडीच्या करारावर सबंध पंजाचा ठसा घेतला. उद्देश शास्त्रीय नव्हता, उद्या या माणसाने सही नाकारू नये एवढाच होता. त्यातूनच कालांतराने 'निशाणी डावा अंगठा' आपल्या दस्तऐवजांत स्थिर झाली. म्हणजे अंगठा देणे ही संमती. पण याच मराठीत अंगठा दाखविणे म्हणजे ठेंगा दाखविणे, साफ नाकारणे! एकाच बोटाचा हा उभयपक्षी कारभार आपणांस पूर्वापार ठाऊक आहे.

आता दोन खटले ऐकावे. कॅनडाच्या सस्कॅचेवान प्रांतात मार्च २०२१ मध्ये धान्य खरेदी करणाऱ्या एका कंपनीच्या प्रतिनिधीने एका शेतकऱ्यास जवसाच्या कराराचे छायाचित्र भ्रमणध्वनीवर पाठविले आणि करार कायम करावा असे लिहिले. माल ८७ टन, भाव बुशेलला १७ डॉलर, पोहोच नोव्हेंबरात. शेतकऱ्याने उत्तरादाखल उभा अंगठा पाठविला. नोव्हेंबर आला, भाव दुपटीहून अधिक चढला होता, जवस आले नाही. शेतकऱ्याचे म्हणणे, अंगठ्याचा अर्थ 'कागद पोहोचला' एवढाच. न्यायमूर्तींनी मागील व्यवहार तपासले. पूर्वीच्या करारांस हाच शेतकरी 'ठीक', 'बरे दिसते' अशी तुटक उत्तरे देई आणि माल मुकाट्याने आणून घाली. तेव्हा हा अंगठाही तसाच, आणि तो सहीच्या जागी चालेल, असा निर्णय जून २०२३ मध्ये झाला. भरपाई बसली ८२ हजार कॅनेडियन डॉलरांची. २०२४ च्या डिसेंबरात वरिष्ठ न्यायालयाने बहुमताने तोच कायम केला.

दुसरा खटला आपल्या देशातला. २०१८ मध्ये रेल्वे सुरक्षा दलाच्या एका अधिकाऱ्याची मेघालयात हत्या झाली. त्याविषयीचा संदेश दलाच्या व्हॉट्सॲप गटावर आला आणि एका शिपायाने त्याखाली उभा अंगठा उमटविला. वरिष्ठांनी त्याचा अर्थ हत्येचे समर्थन असा लावला, चौकशी झाली, शिपाई नोकरीतून गेला. आपल्यास या साधनाचा फारसा सराव नाही, अंगठा चुकीने गेला, असे तो सांगत राहिला. प्रकरण मद्रास उच्च न्यायालयात गेले. एकल न्यायमूर्तींनी त्यास परत घेण्याचा आदेश दिला. त्यावर अपील झाले. आणि मार्च २०२४ मध्ये द्विसदस्य खंडपीठाने तो आदेश उचलून धरला. त्यांच्या मते अंगठा हा 'ठीक' या शब्दाच्या जागी येतो. संदेश पाहिला एवढेच त्यातून निघते, हत्येचा आनंद निघत नाही.

वरवर पाहता दोन न्यायालयांनी एकाच चिन्हाचे दोन अर्थ केले. कॅनडात 'मान्य', मद्रासेत 'पाहिले'. परंतु आम्ही जसजसा विचार केला तसतसे आम्हांस दोन्ही निर्णय एकाच वाटेचे दिसू लागले. दोघांनीही चित्राकडे पाहिले नाही, माणसाकडे पाहिले. शेतकरी आजवर काय करीत आला, शिपायास काय ठाऊक होते, हे विचारले. ज्यांनी शिपायास काढले त्यांनी नेमके हेच विचारले नव्हते, आणि आमच्या मंडळातील त्या सभासदानेही.

नस्तीवर 'पाहिले' आणि 'मान्य' यांत केवढे अंतर आहे हे ज्यांनी आयुष्यभर टिपणे लिहिली त्यांस आम्ही काय सांगावे? केवळ आद्याक्षरे केली की जबाबदारी कितपत येते यावर विभागाविभागांत वाद झालेले आम्ही पाहिले आहेत. असे असता तीच मंडळी हाताखालच्या माणसाच्या रजेच्या अर्जाला, बदलीच्या विनंतीला, निविदेच्या मसुद्याला चालत्या गाडीतून अंगठा धाडतात, आणि पुढे 'मी पाहिल्याचे कळविले होते, मंजुरी दिली नव्हती' असे म्हणतात. अशा अंगठ्यावर विसंबून आमच्या परिचयाचा एक तरुण कर्मचारी गावी वडिलांच्या शस्त्रक्रियेस गेला आणि परत येताच त्याच्या हाती विनापरवाना गैरहजेरीचा कागद पडला. त्याने आपल्या भ्रमणध्वनीवरील अंगठा दाखविला. वरिष्ठांनी ठेंगा दाखविला.

ज्यांस दिसत नाही त्यांच्यासाठी संगणक मजकूर वाचून दाखवितो, तेव्हा तो चित्राक्षराचे ठरलेले नावही उच्चारतो. दहा फुले पाठविली तर दहा वेळा फुलाचे नाव. आमच्या एका दृष्टिहीन स्नेह्याने सांगितले की वाढदिवसाच्या दिवशी शुभेच्छा देणाऱ्याचे नाव ऐकू येईपर्यंत केक आणि फुगे यांची यादीच संपत नाही. त्यांच्या विनंतीवरून आम्ही आमच्या गटात शब्द आधी आणि चित्र नंतर, तेही एकच, असा प्रघात पाडण्याचा यत्न चालविला आहे.

तात्यांच्या घरी आम्ही दिवाळीच्या पाडव्यास गेलो. मद्रासच्या निकालाचे कात्रण बरोबर नेले होते. त्यांनी चष्मा लावून ते दोनदा वाचले, शिपाई परत कामावर घेतला गेला काय असे विचारले, आणि मग भ्रमणध्वनी आमच्यापुढे करून, रडण्याचा खरा चेहरा कोणता ते दाखवा, म्हणाले. आम्ही दाखविला. तोही त्यांनी बराच वेळ न्याहाळला. "यापेक्षा माझे जुने बरे होते," ते म्हणाले, "यात नुसतेच पाणी आहे. आम्ही दोघे भेटलो की हसतच असू."